शेजारणीच्या घरचं बी

आमच्या करवंदमाळात लेट्यूसचं बी कुणी स्वतःच्या घरात ठेवत नाही. माझं बी समोरच्या हौसाबाईच्या फडताळात असतं आणि तिचं माझ्या. मागितलं म्हणून ते मिळत नाही. कोजागिरी सरते, पहाटे खालच्या झऱ्याचं पाणी हाताला ऊन लागतं, तेव्हा शेजारीण आपणहून पुरचुंडी आणून देते. मग संक्रांतीपर्यंत दर पंधरा दिवसांनी चिमूटभर पेरायचं आणि थांबायचं. तुम्ही शहरातली माणसं तिला लेट्यूस म्हणता, हॉटेलवालेही तेच म्हणतात. आमच्यात तिचं नाव पाव्हण्याची भाजी. असं का, ते माझ्या सासूबाई सांगायच्या तसं सांगते. बसा त्या कट्ट्यावर, चहा टाकलाय.

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीरस्ताही नव्हता तेव्हा, एक परदेशी माळी या वाटेने चालला होता. कुणी म्हणतं चीनचा, कुणी म्हणतं इराणकडचा. सासूबाई म्हणायच्या, "माणसांतला होता ना, मग झालं!" पलीकडच्या डोंगरावर कुणा साहेबाच्या बागेत त्याला काम होतं. फाल्गुनाचे दिवस. वाटेतच त्याला ताप भरला आणि गोजराबाईच्या दारात तो कोसळला. गोजराने त्याला बारा दिवस ओसरीवर ठेवलं, नाचणीची आंबील पाजून उभं केलं. जाताना त्याने कमरेची पिशवी सोडली आणि तीन चिमटी बी तिच्या ओंजळीत घातलं. त्याच्या आईच्या परसातलं होतं म्हणे ते. पौषात तो याच वाटेने बंदराकडे आणि तिथून कायमचा घरी जाणार होता. गोजराने जननीआईच्या देवळाकडे हात करून शब्द दिला, "परत याल तवा तुमच्या पानात ही भाजी वाढीन."

आता गोजराच्या कुंपणाला लागून ठकूबाईचं घर. ठकूबाई म्हणजे भारी चौकस. कुणाच्या चुलीवर काय रटरटतंय हे तिला घरधनिणीच्या आधी कळायचं. त्या बारा दिवसांत तिने कुंपणावरून पाहुण्याला त्याच्या आईचं नाव विचारलं, भावंडं विचारली, लग्न का नाही केलं तेही विचारलं. आणि शेवटी बी कधी टाकायचं ते विचारलं. त्याला आपली भाषा धड येत नव्हती. तो तिला झऱ्यावर घेऊन गेला, पाण्यात हात घातला, मग थंडीने कुडकुडल्यासारखं केलं आणि ओला हात गालाला लावून हसला. म्हणजे हवा गार आणि पाणी ऊन, तेव्हा. बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, खोल गाडायचं नाही, उजेड लागतो त्याला, हेही त्याने हातानेच दाखवलं.

ठकूने हे सगळं गोजराला सांगितलं. पण ठकू दिवसभर इतकं काही सांगायची, की त्यातलं कामाचं कुठलं ते कोण निवडणार? गोजरा म्हणाली, "आपल्याकडं ना ऊन तापत, ना हिव मारत. अशा मातीत बारा महिने उगवंल." आमच्या हवेत राहणाऱ्याची हीच चूक होते बघा. हवा माणसाला मानवते म्हणून ती पाल्यालाही मानवेल असं वाटतं.

चैत्रात तिने पहिली चिमूट पेरली. काही उगवलं, पण वैशाखात सरळ काठीसारखं वर पळालं. पान तोडलं की पांढरा चीक, आणि चव अशी कडूजहर की शेळीने तोंड फिरवलं. गोजराने फुलायच्या आतच सगळं रागाने उपटून टाकलं. आषाढात दुसरी चिमूट टाकली, ती पावसात मुळाशी कुजली. उरली एक. दिलेला शब्द आठवून गोजराचा जीव वरखाली होई. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी पेरायचं तिने ठरवलं. सकाळी आढ्याला खोचलेलं बी काढायला जाते तर पुरचुंडी गायब.

गाव देवळात जमलं, एकेकाला पायरीची शपथ घ्यायला लावली. ठकूने जननीआईच्या पायरीवर हात ठेवला. खोटं बोलली असती तर कुणाला कळणार होतं? पण ती म्हणाली, "बी मी घेतलंय. झरा ऊन लागला की दीन. त्याआधी माझी मान कापली तरी देनार न्हाई."

गोजरा रडकुंडीला आली. "माझा पाव्हणा, माझा शब्द! तुला मधी कुणी बोलावलं?"

पाटलाने निवाडा केला. बी परत येईपर्यंत ठकूशी कुणी बोलायचं नाही.

"मांजराशी बोलले तर चालंल का?" ठकूने विचारलं. कुणी हसलं नाही.

असं सांगतात, की अडीच महिने तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. गौरी आल्या, हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही. जिला गप्प बसणं म्हणजे उपास, ती बाई कोंबड्यांना साऱ्या गावाच्या खुशाल्या विचारत बसे. पुरचुंडी ओली होऊ नये म्हणून कनवटीला बांधून ठेवलेली. रोज पहाटे झऱ्यात हात घाली. पाणी गार लागे, ती परत फिरे.

कोजागिरीच्या चौथ्या दिवशी गवतावर दव होतं, तोंडातून वाफ निघत होती. तिने पाण्यात हात घातला आणि तशीच धावत सुटली. ती थेट गोजराच्या दारात आली. गोजराचं मनगट धरलं, ओढत झऱ्यावर आणलं आणि तिचा हात पाण्यात बुडवला. पाणी ऊन होतं. गोजराने दुसराही हात घातला. ठकूने कनवट सोडली.

गोजराने आधी बी घेतलं नाही. म्हणाली, "भाकरी खाल्लीस का?"

मग दोघींनी मिळून वाफा केला. ठकूच्या सांगण्यावरून निम्मं बी त्या दिवशी भुरभुरलं आणि निम्मं पंधरा दिवसांनी. पाहुणा लवकर आला तरी आणि रेंगाळला तरी पान कोवळं मिळावं म्हणून.

तो पौषात आला. खूप वाळला होता. गोजराने पानात भाकरी, लसणाची चटणी आणि शेजारी ती हिरवी कुरकुरीत पानं वाढली. एक पान त्याने तोंडात घातलं आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मग वेळ कशी साधलीत म्हणून त्याने विचारलं, तेव्हा गोजराने कुंपणापलीकडून ठकूला हाताला धरून आणलं आणि त्याच्या शेजारी बसवलं. अख्ख्या जन्मात तेवढा एकच दिवस ठकूला बोलायला शब्द सापडला नाही म्हणे. उरलेल्या रोपांचं बी धरलं, तेच अजून चालतंय.

आजही पहिला गड्डा निघाला की तो हॉटेलच्या गाडीत चढत नाही. ज्या शेजारणीने बी सांभाळलं, तिला बोलावून भाकरीबरोबर तो वाढतात. ती जेवत असताना हव्या तितक्या गप्पा मारते, हवं ते विचारते, आणि ती उठेपर्यंत घरधनिणीने उठायचं नाही. हौसाबाईला मी यंदा दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवलं.