रुईपासून पळसापर्यंत

शहर जिथं संपतं आणि टेकडी सुरू होते, तिथल्या शेवटच्या पत्र्याच्या खोलीत गोजरी राहायची. आई दिवसभर लोकांची धुणीभांडी करायची आणि धाकट्या ठकीला गोजरी सांभाळायची. ठकी भिंतीवरून पडली होती. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, तरी ती पाय टेकवायचं नाव घेईना. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता चालली नाही, तर पाय असाच कच्चा राहील." पण ठकी पक्की भित्री. गोजरी खाली वाकून बसायची, ठकी पाठीवर चढायची, आणि दोघींची वरात नळावर निघायची.

होळी झाली आणि टेकडीवरचा पळस केशरी केशरी फुलून गेला. रंगपंचमीच्या रंगासाठी लोक फांद्याच्या फांद्या मोडून न्यायचे. गोजरी मात्र खाली पडलेली फुलंच ओच्यात वेचायची. त्या सकाळी वर काहीतरी फडफडलं. संक्रांतीचा मांजा अजून झाडात अडकलेला होता आणि त्यात गुरफटला होता एक इवलासा, चमचमता निळा शिंजीर पक्षी. गोजरी झाडावर चढली. मांजानं तिची बोटं चिरली, पण तिनं एकेक फेरा हळूहळू सोडवला.

पाखरू तिच्या तळहातावर बसलं आणि बघता बघता त्याची परी झाली. झगा पळसाचा, पंख मात्र तेच निळे.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण आधी नियम ऐक. माझं राज्य टेकडीपुरतं. खाली दवाखान्यात माझं काही चालत नाही. आणि इच्छा पुरी होईपर्यंत एकही फूल तोडायचं नाही. तोडलंस की मी गेले."

"मग ठकीचा पाय?"

"तो ठकीचा आहे. माझ्याकडे फुलं आणि पाखरं."

गोजरीनं डोकं खाजवलं. टेकडी तर त्यांच्या दारापासूनच सुरू होत होती.

"मग रोज सकाळी पाखरू होऊन ये. आधी आमच्या दारातल्या रुईवर बस. मग रोज थोडं थोडं वर."

परी हसली. "हुशार आहेस गं."

दुसऱ्या दिवशी रुईच्या जांभळ्या फुलावर निळा शिंजीर डुलत होता. ठकी उंबऱ्यातून बघतच राहिली. मग तो वरच्या धायटीच्या लालचुटुक फुलांवर गेला. ठकीनं भिंत धरली, मग ताईचा हात धरला, आणि पाय टेकला. पुढे तिला वाटेत बुलबुल भेटले, लांब शेपटीचा कोतवाल भेटला. गळ्यात दुर्बिणी अडकवून फिरायला येणारी मंडळी तिला बाजूला होऊन वाट द्यायची.

लालभडक पांगाऱ्यापाशी मात्र ठकी मटकन खाली बसली.

"दुखतंय ताई. एक फांदी आणून दे ना, मी घरीच बघीन."

फांदी हाताशी होती. ठकीचे डोळे भरलेले बघून गोजरीचा हात फांदीकडे गेला, पण परीचा नियम आठवून तिनं तो मागे घेतला.

"नाही आणणार," ती म्हणाली.

ठकी घरी येऊन दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रात्री गोजरीला वाटलं, संपलं, आता ही उठायची नाही.

सकाळी जाग आली, तेव्हा ठकी चप्पल घालून दारात उभी होती. "चल ना. आज तो पळसावर असेल."

ती अडखळत, थांबत, पळसापर्यंत पोचली. शिंजीर सगळ्यात खालच्या फुलावर बसला होता. ठकीनं बोट पुढे केलं, आणि झाडभर लखलख उजेड पसरला. उजेडात परी उभी होती.

"गोजरी, तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस."

"मागितलं की. माझी पाठ दुखायची."

परी खळखळून हसली. उजेड फुलाफुलांत झिरपला आणि परी दिसेनाशी झाली.

दोघींनी खाली पडलेली फुलं वेचली. निघताना सवयीनं गोजरी खाली वाकून बसली. पाठीवर कुणी चढेना, म्हणून तिनं वळून बघितलं.

ठकी केव्हाच पांगाऱ्यापाशी पोचली होती. "ये ना ताई," ती तिथून म्हणाली, "किती हळू चालतेस."