हरून आलेल्यांच्या पायांवरच्या पाण्याची कहाणी

ऐक गं मैदानमाय, तुझ्या दारच्या लेकीसुनांची कहाणी. आटपाट नगर होतं. नगरात दोन पेठा होत्या, एक उगवती, एक मावळती. मधे मैदान होतं. दर आदितवारी दोन्ही पेठांचे अकरा-अकरा गडी मैदानात उतरायचे, फुटबॉल खेळायचे. उगवती पेठ जिंकायची, मावळती पेठ हरायची. हे आजचं नाही, कालचं नाही, आज्या-पणज्यापासून चाललेलं. कधी चुकून बरोबरी झाली तर मावळतीत दारोदार रांगोळ्या पडायच्या.

मावळती पेठेच्या वेशीला लागून पहिलं घर होतं. त्या घरात बायजा नावाची सून होती. नवरा होता, सासू होती, लहानगा दीर होता, म्हादू त्याचं नाव. सासू दुखण्यानं अंथरुणाला खिळली. मग तिनं सुनेला जवळ बोलावलं. एका हातात म्हादूचा हात दिला, दुसऱ्या हातात तांब्या दिला. म्हणाली, "सूनबाई, हा माझा म्हादू तुझ्या पदरात घातला. आणि हा वसा घे." बायजा म्हणाली, "आत्याबाई, वसा कशाचा? त्यानं काय करावं?"

"आदितवारी न्हावं, धुवावं, मैदानावर आपल्या पेठेच्या बाजूला बसावं. शेवटची शिट्टी होईतो उठू नये. मग घरी यावं, दार उघडं ठेवावं, ऊन पाण्याचा तांब्या भरावा. आपला संघ वेशीतून आला की गड्यांच्या पायांवर पाणी घालावं, तोंडाकडं बघावं. जिंकून आलेल्यांच्या पायांवर कुणीही पाणी घालतं. हरून आलेल्यांच्या पायांवर घालावं, तो वसा." बायजा म्हणाली, "आणि उद्यापन कधी करावं?" सासू म्हणाली, "या वशाला उद्यापन नाही." एवढं बोलली, आणि डोळे मिटले.

मग बायजानं म्हादूला भरवलं, न्हाऊ घातलं, आजारपणात उशाशी बसली, लहानाचा मोठा केला. मोठा झाला तसा तो पेठेचा गोलकीपर झाला. जाळ्यासमोर उभा राहायचा, चेंडू अडवायचा. अडवायचा थोडे, सोडायचा फार. खेळ मैदानात व्हायचा, कळ बायजाच्या पोटात उठायची. आदितवारी सकाळी घशाखाली भाकरी उतरायची नाही. गोल बसला की छातीवर हात जायचा. सोमवार-मंगळवार तोंड उतरलेलं, बुधवारी जरा बरं, आणि शनवार आला की पुन्हा वाटायचं, उद्या जिंकतील. अशी तिनं वर्षानुवर्षं काढली. पाणी घातलं, तोंडाकडं बघितलं, वसा चालवला.

पुढं काय झालं? एके दिवशी बायजा पाणवठ्यावर गेली. तिथं बायका जमल्या होत्या. एक म्हणाली, "काय गं बायजा, दिराला जेवायला वाढत नाहीस होय? मैदानात एवढे गोल खातो तो!" सगळ्या हसल्या. बायजाही हसली. हसली आणि कान तापले. घागर अर्धीच भरून घरी आली. हसू नका गं बायांनो, तुमच्यातल्याही दोघी-तिघी त्या पाणवठ्यावर असत्या तर हसल्याच असत्या.

मग आला पहिला आदितवार. संघ हरला, वेशीतून आला. बायजानं पाणी घातलं, पण पदर पुढं ओढून घेतला, कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. म्हादू काही बोलला नाही. मग आला दुसरा आदितवार. संघ हरला, वेशीतून आला. बायजानं तांब्या उंबऱ्यावर ठेवला, आपण आत चुलीपाशी जाऊन बसली. गड्यांनी आपल्या हातांनी पाणी घेतलं. म्हादू काही बोलला नाही. मग आला तिसरा आदितवार.

बायजाची बहीण तुळसा उगवती पेठेत दिली होती. तिनं सांगावा धाडला, "अक्का, हळदीकुंकवाला ये. मग आमच्यात बसून खेळ बघ. जन्मात एकदा तरी जिंकल्यासारखी बैस." बायजानं मनात म्हटलं, एका दिवसानं काय होतंय? दाराला कडी घातली. पिवळं लुगडं नेसली, पिवळा रंग उगवतीचा. बहिणीकडं गेली, हळदीकुंकू घेतलं, उगवतीच्या बायकांत जाऊन बसली.

एक गोल झाला, बायजा गप्प राहिली. दोन झाले, तीन झाले, बायजानं मान खाली घातली. चार, पाच, सहा झाले. बाजूच्या बायका नाचू लागल्या, हिला कोपरानं ढोसू लागल्या. मग सातवा गोल झाला आणि बायजानं टाळी वाजवली. हात कधी उठले ते कळलंच नाही, असं ती पुढं कितीदा तरी म्हणाली. कळलं होतं.

म्हादू जाळ्यातला चेंडू काढायला वळला. त्यानं वर बघितलं. पिवळ्या बायकांत आपली वहिनी बघितली. मग चेंडू उचलला, मधे नेऊन ठेवला. बायजाला वाटलं, धरणी दुभंगावी नि मी पोटात जावं. पण धरणी कशाला दुभंगते? तुळसानं पेढे दिले, ते पदरात बांधून बायजा घरी निघाली.

इकडं संघ वेशीतून आला. पहिल्या घराला कडी. गडी जरा वेळ थांबले, एकमेकांकडं बघितलं, चिखलाच्या पायांनी आपापल्या घरी गेले. म्हादू पायरीवर बसून राहिला. बायजा आली तसा बाजूला सरकला. म्हणाला, "वहिनी, तू दार उघड. मी आडावर जाऊन पाय धुऊन येतो." रात्री ताटावर नवऱ्यानं विचारलं, "पाणी घातलं नाहीस म्हणं आज? कुठं होतीस?" बायजानं भाकरीची टोपली पुढं ओढली. म्हादू म्हणाला, "दादा, वहिनी मैदानावर होती. मी बघितलं की." आणि भाकरी मोडून खाली मान घालून जेवला. त्यानं शिवी दिली असती तर बायजाला बरं वाटलं असतं.

सकाळी तिनं पदराची गाठ सोडली, पेढा तोंडात घातला, तर माती लागली. दुसरा घातला, माती लागली. तिसरा घातलाच नाही. मग तांब्या घेतला, तुळशीला पाणी घालायला गेली. तांब्या काठोकाठ भरलेला, उपडा केला, तर थेंब पडेना. आत पाणी दिसायचं, बाहेर यायचं नाही. बायजानं तांब्या फडक्यात गुंडाळला, पेटीत लपवला, कुणाला सांगितलं नाही. लाजेची गोष्ट कोण कुणाला सांगतं?

दोन दिवस गेले. म्हादूनं हातमोजे खुंटीला अडकवले. म्हणाला, "वहिनी, आदितवारी सकाळी मी मामाच्या गावाला जातो. तिथंच राहीन, शेती बघीन. खेळणं पुरे झालं." पेठेत दुसरा गोलकीपर नव्हता. पण बायजाला पेठेचं काय? ज्याचा हात सासूनं हातात दिला होता तो आपल्या टाळीनं घर सोडून चालला, एवढंच तिला दिसत होतं.

मग ती उठली आणि रडत रडत मैदानावर गेली. तिथं एक म्हातारी वाकून मैदानाच्या रेघांवर चुन्याची फक्की मारत होती. अनवाणी पाय, कोपरापर्यंत हात पांढरे. म्हातारी म्हणाली, "बाई बाई, का रडतेस?" बायजा म्हणाली, "आजी, माझा वसा मोडला." "मोडला कसा?" "इतकी वर्षं पाणी घातलं, एकदा जिंकले नाहीत. लोक हसले, मला लाज वाटली." म्हातारीनं फक्कीची पाटी खाली ठेवली. म्हणाली, "तू वसा घेतलास आणि मनात नवस धरलास. नवस फळला तर फेडायचा असतो. वसा फळो न फळो, चालवायचा असतो. पायांवर पाणी घालत होतीस आणि मनात म्हणत होतीस, आता तरी जिंका. होय की नाही?" बायजा म्हणाली, "होय. मग आता काय करू?" "केलंस ते तीनदा सांग. जिथं सांगायला जड जाईल तिथं सांग. सांगितल्यावर रडू नकोस, म्हणजे समोरच्याला तुझी समजूत घालत बसावं लागणार नाही." बायजानं विचारलं, "मग ते जिंकतील?" म्हातारी म्हणाली, "पुन्हा विचारलंस?" आणि वाकून रेघ ओढू लागली. बायजा घरी निघाली. मागं वळून बघितलं तर फक्की होती, म्हातारी नव्हती.

मग बायजानं पहिल्यांदा चुलीला सांगितलं. चूल ढणढणत राहिली, काही बोलली नाही. दुसऱ्यांदा नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "एवढंच ना? बहिणीकडं बसलीस, टाळी वाजवलीस. खेळच तो, त्यात काय एवढं!" बायजाला जास्तच लाज वाटली. त्यात काय होतं ते तिचं तिला ठाऊक होतं. तिसऱ्यांदा आदितवारी सकाळी म्हादू वळकटी बांधत होता, तिथं जाऊन उभी राहिली. म्हणाली, "भावजी, सातव्या गोलाला मी टाळी वाजवली. लोक हसतात म्हणून तुमची लाज वाटली मला. तुम्ही माझ्या हातचे, आणि मला तुमची लाज वाटली." डोळे भरून आले. पण रडली नाही.

म्हादू वळकटीची दोरी हातात धरून बसला. म्हणाला, "ऐकली मी टाळी. तुझ्या बांगड्या मला कळतात." मग म्हणाला, "वहिनी, सहावा झाला तेव्हा मी मनात म्हटलं, आता पुरे. सातवा येताना दिसला मला. हात पुरला असता. मी हललोच नाही. मागं वळून बघतो तर तू टाळी वाजवत होतीस. मला वाटलं, तुला कळलं. वाटलं, वहिनीनं बरोबर ओळखलं, आणि बरोबरच केलं." बायजा म्हणाली, "नाही हो. मला दिसलंसुद्धा नाही. मी तुमच्याकडं बघतच नव्हते." दोघंही खाली बघत बसली. मग म्हादूनं वळकटी सोडली, खुंटीवरचे हातमोजे काढले.

बायजानं न्हाण केलं, मैदानावर गेली, आपल्या बाजूला बसली. पाणवठ्यावरच्या बायका म्हणाल्या, "आलीस का गं, आज किती खाणार?" बायजा हसली नाही. "बघू," म्हणाली. खेळ सुरू झाला. एक झाला, दोन झाले, तीन झाले. म्हादू प्रत्येकाला झेपावला, कोपरं सोलली, गुडघे फुटले. शिट्टी वाजायच्या जरा आधी चौथा झाला, त्यालाही झेपावला. मावळती पेठ चार गोलांनी हरली.

मग बायजा घरी आली. दार उघडं टाकलं, पेटीतला तांब्या काढला, तो रिता झाला होता, ऊन पाणी भरलं, उंबऱ्यात उभी राहिली. गडी आले, खाली माना घालून आले. तिनं तांब्या कलता केला आणि धार लागली. एकाच्या पायांवर घातलं, दुसऱ्याच्या घातलं, दहाजणांच्या घातलं, प्रत्येकाच्या तोंडाकडं बघितलं. सगळ्यांच्या मागं म्हादू आला. पाय पुढं केला. म्हणाला, "वहिनी, चार झाले." बायजा म्हणाली, "बघितले. चारही बघितले."

दर वर्षी कहाणी इथवर आली की कुणीतरी विचारतंच, मग पुढं पेठ जिंकली का? कहाणीत ते सांगितलेलं नाही, आणि तुम्ही मला विचारू नये. बायजाची लाज सरली का, ते विचारा. सगळी नाही सरली. म्हातारी झाली तरी भाकरी थापताना थबकायची. आपल्याच हातांचा आवाज आपल्याला नको व्हायचा, कान तापायचे. पण आदितवारी दाराला कडी पडली नाही, आणि म्हादू मामाच्या गावाला गेला नाही.

जशी मैदानमाय बायजाला लाजेसकट पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. आपलं माणूस हरून दारी येईल तेव्हा आपण घरी असो, हातात पाणी असो, मान वर असो. ही साठां हारींची कहाणी पांचा बोलीं सुफळ संपूर्ण.