भिंतीवरचा दुसरा पंजा

पूर्वी तेरणेकाठच्या तगर नगरात राजा वरुणदत्त राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका दलालाच्या घरी जन्म घेतला. दलाल म्हटल्यावर तुम्ही गालात हसाल. हसा. पण तगरात घरे विकून देणाऱ्याचे काम सोपे नव्हते, आणि ऋषिदत्त या नावाने ते काम करणाऱ्या बोधिसत्त्वांना त्याचा अभिमान होता. घर दाखवताना ते आधी त्याची खोड दाखवीत आणि मग अंगण.

ही गोष्ट मात्र भद्रकाची आहे. भद्रक राजाच्या पांथशाळेचा प्रमुख. नगरात येणारा प्रत्येक परका माणूस पहिली रात्र त्याच्या छपराखाली काढी, आणि त्यामुळे सारे नगर आपल्यामुळेच वसले आहे असे भद्रकाला मनापासून वाटे. चालताना तो रस्त्याच्या मधोमध चाले.

एकदा भृगुकच्छाहून नंदिय नावाचा रंगारी बायको आणि म्हाताऱ्या आईसह तगरात आला. त्याला घर हवे होते, आणि घराला विहीर हवी होती, कारण पाण्यावाचून रंगाऱ्याचा धंदा चालत नाही. पांथशाळेच्या दारात त्याने भद्रकाला विचारले, "इथे घरे कोण दाखवतो?" भद्रकाचे तोंड विड्याने भरलेले होते. त्याने हनुवटीने ऋषिदत्ताच्या गल्लीकडे खूण केली आणि तो विसरूनही गेला.

बोधिसत्त्वांनी नंदियाला एका वाण्याचे घर दाखवले. म्हणाले, "मागची भिंत दुपारी तापते. विहीर मी दोन उन्हाळे स्वतः वाकून पाहिली आहे. आटली नाही. तिसऱ्याचे मी सांगू शकत नाही." रंगाऱ्याला हा माणूस आवडला आणि त्याने घर घेतले. वाणी आपले पैसे घेऊन दुसऱ्या गावी निघून गेला.

ताबा देण्याच्या दिवशी गल्ली जमली असताना भद्रक आला. कोणी बोलावले नव्हते.

"ऋषिदत्ता," तो म्हणाला, "हे गिऱ्हाईक मी पाठवले. दलालीतला चौथा हिस्सा माझा. आणि ध्यानात ठेव, माझ्या पांथशाळेतून निघालेल्या माणसाला तुझी गल्लीच दाखवली पाहिजे असे काही नाही."

धमकी पोकळ नव्हती. भद्रकाने तोंड फिरवले असते तर बोधिसत्त्वांच्या घरची चूल वर्षभरात थंड पडली असती. तरी ते चिडले नाहीत, घाबरले नाहीत, त्याला कोपऱ्यातही घेऊन गेले नाहीत. त्यांनी सर्वांदेखत नंदियाला विचारले, "यांनी तुम्हाला माझ्याकडे पाठवले?"

"हनुवटी दाखवली होती खरी," रंगारी म्हणाला. लोक हसले.

"म्हणजे पाठवलेच," बोधिसत्त्व म्हणाले. "वाटा माझ्या दलालीतून जाईल. तुमच्यावर एक कवडी चढणार नाही. पण भद्रक, आपल्या नगराची रीत तुम्हाला ठाऊक आहे."

रीत अशी होती: विकणारा बहुधा गाव सोडून जाई, म्हणून दलाली घेणाऱ्याने गेरूत हात बुडवून दाराजवळच्या भिंतीवर आपला पंजा उमटवायचा. वर्षाच्या आत घराने दगा दिला तर पंजावाल्याने येऊन स्वतःच्या हातांनी ते सावरायचे. जो काखा वर करी, त्याची साक्ष पुढे तगरात कोणी धरत नसे.

भद्रकाने घराची पायरीही पाहिली नव्हती. पण सारी गल्ली बघत असताना माघार घेईल तर तो भद्रक कसला? त्याने बाही सारली आणि बोधिसत्त्वांच्या पंजाशेजारी आपला पंजा ठोकला. आपलाच मोठा उमटला म्हणून तो खूशही झाला.

वैशाखात विहीर आटली.

नंदियाच्या अंगणात मंजिष्ठेच्या लाल रंगाचे रांजण कोरडे पडले. राजवाड्यातल्या लग्नाचे कापड त्याने रंगवायला घेतले होते, आणि दिवस थोडे राहिले होते. ही बातमी ऐकून भद्रकाच्या तोंडचे पाणी पळाले. पांथशाळेचा प्रमुख कुदळ घेऊन विहिरीत उतरणार? लोक काय म्हणतील? त्याने घेतलेला वाटा फडक्यात बांधला आणि रंगाऱ्याचे घर गाठले.

विहिरीतून घावांचा आवाज येत होता. बोधिसत्त्व पहाटेपासून खाली होते. हाक ऐकून ते दोर धरून वर आले.

"हा वाटा परत घ्या," भद्रक म्हणाला. "माझा पंजा पुसून टाकू द्या."

बोधिसत्त्वांनी कपाळावरचा घाम पुसला. "पुसा. मी कोणाला काही सांगणार नाही. तुम्ही घर पाहिले नव्हते हे मला दिसत होते, तरी मी तुम्हाला पंजा उमटवू दिला. तेवढी चूक माझी आहे. तुमच्या वाट्याचे मी खोदीन." असे म्हणून ते पुन्हा खाली उतरले.

भद्रकाचा जीव भांड्यात पडला. त्याने चिंधी ओली करून भिंतीला लावली, तोच मागून आवाज आला. ओसरीवर रंगाऱ्याची म्हातारी आई बसली होती. तिला नीट दिसत नव्हते.

"कोण रे ते? तिथे पुसू नकोस, बाबा. तो भद्रकाचा पंजा आहे."

"असेना," भद्रक म्हणाला.

"असेना कसं? परक्या गावात आम्हाला पहिला रस्ता त्यानं दाखवला. दिवा लावताना रोज त्याचं नाव घेते मी. दोन माणसं उभी आहेत या घरामागं, म्हणून मला झोप लागते."

भद्रकाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. एका हनुवटीच्या खुणेवर ही बाई आठ महिने विसंबून राहिली होती. त्याने चिंधी खाली ठेवली, धोतर वर खोचले आणि दोराला हात घातला.

तीन दिवस दोघे खणत होते. भद्रकाच्या तळहातांना फोड आले, फुटले. विहिरीभोवती माणसे येऊन बघून गेली आणि त्याने एकदाही वर पाहिले नाही. चौथ्या दिवशी खडकाच्या फटीतून पाणी आले, आधी गढूळ, मग निवळ. अंगणात एकच गलका झाला. म्हातारी काठावर येऊन वाकली.

"खाली कोण आहे?"

गुडघाभर चिखलात उभ्या भद्रकाने मान वर केली. "मी भद्रक, आई. पंजा माझा आहे."

हे नाव तो जन्मभर मिरवत आला होता. त्या दिवशी ते उच्चारताना जितका अभिमान वाटला, तितका त्याला आधी कधी वाटला नव्हता.

भिक्षूंना एवढे सांगून शास्ते, म्हणजे त्यांचे गुरू, थांबले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तो रंगारी म्हणजे आजचा भिक्षू आनंद. ती म्हातारी म्हणजे काल आपल्याला भोजन देणारी उपासिका. 'ही दात्री मी आणली' असे सकाळपासून सर्वांना सांगत फिरणारा आणि आता खाली बघत बसलेला आपला भिक्षू, तो भद्रक. मान वर कर, बाबा. तेव्हा तू विहिरीत उतरला होतास. आणि ऋषिदत्त म्हणजे मीच." ही कथा अधिष्ठान पारमितेची, म्हणजे हाती घेतलेले शेवटास नेण्याच्या गुणाची.