हिवरदऱ्याची उधारवाट

पाहुणे, ती वाट बघा. मारुतीच्या देवळातून पेठ समोर दिसते, हाकेच्या अंतरावर. मध्ये ना ओढा, ना टेकाड. तरी वाट बघा कशी बाभळीच्या बनात शिरते आणि सगळ्या गावाला वळसा घालून पेठेत निघते. सडक करायला आलेल्या साहेबांनीसुद्धा कपाळाला हात लावला होता. सरळ करून देतो म्हणाले, पण गावातली जुनी माणसं अडून बसली. ही वाट गुरांनी पाडली नाही की पाण्याच्या लोंढ्यानं नाही. ही लाजेनं पाडली असं सांगतात, म्हणून हिला उधारवाट म्हणायचं. आणि सरळ रेघेत, त्या गवतात जे दगडी उखळ दिसतंय ना, तो लिंबाजी तेल्याचा घाणा.

गोष्ट फार जुनी. इंग्रजाचं नावही इकडे ऐकू आलं नव्हतं म्हणे तेव्हा. लिंबाजीची बायको लवकर गेली. एकुलती लेक खानदेशात दिलेली, ती चार-पाच वर्षांतून एकदा यायची. घरात तो आणि मोरक्या नावाचा बैल. दिवसभर बैल घाण्याभोवती फिरायचा आणि लिंबाजी त्याच्याशी बोलायचा. पण बैल झाला तरी ऐकून ऐकून किती ऐकणार?

म्हणून संध्याकाळ झाली की लिंबाजी ओट्यावर घोंगडी अंथरायचा. तेल न्यायला आलेली माणसं टेकायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं चूल वेगळी केली, सगळ्या गावाच्या उचापती तिथं निघायच्या. त्यात राणूजी म्हणजे नुसती धमाल. त्यानं तोंड उघडलं की लिंबाजी पोट धरून हसायचा. राणूजी एखाद्या दिवशी आला नाही, तर याला जेवण जायचं नाही.

आता ज्याच्याकडे बसायचं त्याच्याकडे रोख मोजून कोण देतो? "लिंबाजी, सुगीला देतो रे," म्हटलं की हा म्हणणार, "अरे, पळतोय का तू? ने." तेल जायचं, माणूस बसायचा, लिंबाजी खूश. पण तेल्याचा धंदा कसा असतो बघा. करडई निघते होळीच्या सुमाराला, आणि तेव्हाच वर्षाचं बी घेऊन ठेवावं लागतं. बी विकणारा परगावचा व्यापारी. तो काही घोंगडीवर बसायला येत नव्हता, त्याला रोकडा पैसा लागायचा. बी नाही भरलं तर घाणा बंद, आणि घाणा बंद तर ओट्यावर कोण कशाला येईल? लिंबाजीचा सगळा जीव या एका गोष्टीत होता.

एक साल पाऊस रुसला. सुगी आली तशी गेली, देणं तसंच राहिलं. सगळ्यात जास्त थकलं होतं राणूजीचं. पहिल्यांदा तो दोन दिवस आला नाही. मग भेटला तेव्हा मान खाली घालून गेला. मग म्हणे एका दिवशी लिंबाजीच्या दारावरून जायचंच नको म्हणून तो बाभळीतून काटे तुडवत पेठेत गेला. त्याची पाऊलवाट बघून दुसरा गेला, तिसरा गेला. वर्षभरात बनातली वाट मळली आणि घाण्यापुढच्या वाटेवर गवत आलं.

शेजारची पारूआजी तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मेल्या, दारोदार जा आणि मागून आण. पैसा काय पायानं चालत येतोय?"

"आजी, मागितलं तर माणूस तुटेल."

"आणि आता काय जोडलेला आहे? घोंगडीवर मांजर बसलंय तुझ्या!"

लिंबाजीला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तो बनातल्या वाटेवर जाऊन उभा राहिला. मागायला नव्हे, असं सांगतात. तो सांगायला गेला होता, की बाबांनो, देणं राहू द्या, जमेल तेव्हा बघू, पण येऊन बसत जा, घर खायला उठतंय मला. पण सांगणार कुणाला? लांबून त्याचं पागोटं दिसलं की माणसं उलट्या पावली पळत. तेली वसुलीला उभा आहे, अशी बोंब झाली. बायकासुद्धा डोईवरचं ओझं सावरत मागं फिरल्या.

एवढ्यात लिंबाजीला राणूजी दिसला. बाभळीच्या बुंध्याआड उकिडवा बसला होता, धोतराचा सोगा काट्यात अडकलेला. पन्नाशीचा गडी, पोरासारखा श्वास धरून. दोघांत चार हातांचं अंतर असेल नसेल. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण हाक मारली तर गड्याची मान कायमची खाली जाईल, असं लिंबाजीच्या मनात आलं. त्यानं बघितलंच नाही असं दाखवलं, तोंड फिरवलं आणि घरी आला. वाटेत त्याला रडू आवरेना, असं म्हातारी माणसं सांगायची.

होळी आली. गाठीला दमडी नाही. लिंबाजीनं मोरक्याला नेऊन विकलं, त्या पैशांत करडई घेतली. आणि घाणा ओढायला? जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. खांदा सोलवटायला लागला तेव्हा पागोटं सोडून जुवाखाली गुंडाळलं. घाणा बंद पडला तर माणसं यायची आशाच संपली, हे एकच त्याच्या डोक्यात.

आणि गाव काय म्हणत होतं? बनातल्या वाटेनं जाता-येता घाण्याची करकर ऐकू यायची. लोक एकमेकांना म्हणायचे, "चाललंय की लिंबाजीचं झकास. त्याला कुठं आपल्या पैशावाचून अडलंय?" त्यांच्या जिवाला तेवढाच थंडावा. राणूजीही तेच म्हणायचा म्हणे, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

मारुतीच्या नंदादीपाचं तेल मात्र लिंबाजीकडून चुकलं नाही. कुणाला आपलं तोंड बघून शरमायला नको, म्हणून तो उजाडायच्या आत तेल ठेवून परत जायचा. चैत्र नुकताच लागला होता, एके सकाळी दिवा विझलेला दिसला. गाव घाबरलं. घाण्याची करकरही ऐकू येईना. मग किती तरी दिवसांनी माणसं सरळ वाटेनं, कमरेएवढ्या गवतातून घाण्याकडे गेली.

गोठा रिकामा होता. लिंबाजी जुवाला खांदा टेकवून बसला होता, जीव गेलेला. उखळात अर्धवट रगडलेलं बी होतं. ओट्यावर घोंगडी अंथरलेली, झाडून स्वच्छ केलेली.

राणूजी पुढं झाला. त्यानं लिंबाजीला उचलून घोंगडीवर निजवलं, ते जू आपल्या खांद्यावर घेतलं आणि राहिलेला घाणा ओढू लागला. लोक धरायला गेले, त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. तेल निघालं, दिवा लागला, आणि मगच तिरडी बांधली. हा दिवा म्हणे पुढं कित्येक दिवस विझला नाही. खरंखोटं मारुती जाणे. पण राणूजी जे बोलला ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत: "पैसा नव्हता तर नव्हता. मला येऊन बसायला काय धाड भरली होती?"

तो दिवस शनिवार होता. शनिवारी कुणी तेल विकत घेत नाही, म्हणजे घेण्यादेण्याचा विषयच नाही. म्हणून गावानं तोच वार धरला. आजही चैत्रातल्या पहिल्या शनिवारी हिवरदऱ्यात पेठ उघडी असते, पण विक्री होत नाही. ज्याचं देणं असेल त्याच्या दारात जाऊन बसायचं, हातात पैसे असोत नाही तर नसोत. दुकानदारानं गूळ-शेंगदाणे पुढं करायचे आणि उधारीचा शब्द काढायचा नाही. रविवारी मागा, खुशाल भांडा. माल भरायला पैसा लागतोच, आणि लिंबाजीनं वेळच्या वेळी मागायला हवं होतं, हेही इथं सगळे कबूल करतात. वाट मात्र कुणी सरळ करू देत नाही.

गेल्या चैत्रात शिवलिंगअप्पा वाण्यांनी सकाळीच दुकानापुढं घोंगडी अंथरली, गूळ फोडून ठेवला. दुपार झाली तरी कुणी फिरकलं नाही. सून हातात मोबाईल घेऊन आली आणि हसत म्हणाली, "मामंजी, सगळ्यांनी कालच यावरून पैसे पाठवलेत. एक रुपया राहिला नाही बघा! आता कोण येतंय? उठा, जेवून घ्या."

"बरं झालं," अप्पा म्हणाले. "तू हो पुढं, आलोच." आणि दिवस मावळेपर्यंत तिथंच बसून राहिले.