नाचणारा मोर आणि बारा आगंतुक

जंगलाच्या कचेरीत लिनक्सचा संगणक नुकताच बसला होता, तेव्हाची ही गोष्ट. कारभारी अस्वलाला पडद्यावर नाचणारा मोर हवा होता. संगणक सांभाळणाऱ्या साळिंदरबाईंनी मोराचं पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, घातलं, तर सोबत आणखी बारा पॅकेजेस आली.

"ही फुकटी मंडळी कोण?" अस्वल गुरकावलं.

"मोर त्यांच्याच आधाराने नाचतो, साहेब."

महिन्याभरात अस्वलाला मोराचा कंटाळा आला. "मोर काढा, आणि ते बाराही काढा!"

"साहेब, पाणवठ्याच्या पाळ्यांची यादी आता त्यातल्याच तिघांवर चालते," साळिंदरबाई कळवळून म्हणाल्या. "बघा, संगणकही विचारतोय, नक्की काढू का?"

"यंत्रानं मला विचारायचं?" अस्वलानं स्वतःच पंजानं 'हो' दाबलं.

यादी उघडेना. भर दुपारी हरणं आणि रानडुकरं पाणवठ्यावर एकदमच आली. रेटारेटीत एका पाडसाचा पाय मोडला.

संध्याकाळपर्यंत साळिंदरबाईंनी ती तीन पॅकेजेस पुन्हा बसवली आणि यादी सुरू झाली. अस्वलानं चौकशी समिती नेमली, अध्यक्षही तेच झालं. दुसऱ्याच दिवशी कचेरीच्या दारावर हुकूम लागला: 'यापुढे संगणकाने अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू नयेत.'