हत्तीची दाढ आणि ठकीचा दात

गोदावरीच्या काठी एका गावात हैबती नावाचा एक भोळा माणूस होता. नाव हैबती, पण त्याला कोंबडीसुद्धा वाट देत नसे. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करी. मग कपाळावर हात मारायची पाळी येई ती त्याच्या बायकोवर, शेवंतावर.

एकदा शेवंता परसात शेवग्यासाठी खड्डा खणत होती. कुदळ ठणकन वाजली. आतून वरवंट्याहून जड असा एक काळा दगड निघाला. त्याच्या अंगावर ओळीनं कंगोरे होते.

शेजारचे शाळेतले गुरुजी कुंपणावरून वाकून म्हणाले, "हैबती, हा साधा दगड नाही. कुठल्या तरी प्राण्याचं हाड असावं. याची ओळख पटवायला हवी."

"एवढंच होय? आधी सांगायचं न्हाई का!"

हैबतीनं दगड खांद्यावर घेतला आणि गावात गेला. "रामराम पाटील. हा आमच्या परसातला दगुड. दगडा, हे पाटील." मग गिरणीवाला झाला, न्हावी झाला. देवळातल्या पुजाऱ्याला तर त्यानं दगडाच्या वतीनं वाकून नमस्कारही केला. संध्याकाळी घामाघूम होऊन घरी आला. "साऱ्या गावाशी ओळख झाली. पण त्याला पटली का न्हाई, ते काय बोलंना."

शेवंता म्हणाली, "अवं, असं बडबडत हिंडू नये! जाणत्या माणसापुढं वस्तू ठेवावी आन् गप बसावं. त्याचा तो सांगतो."

"एवढंच होय? आधी सांगायचं न्हाई का!"

दुसऱ्या दिवशी त्यानं गुरांच्या डॉक्टरांच्या टेबलावर दगड ठेवला आणि गप बसला.

डॉक्टर उडालेच. "अरे, ही तर हत्तीची दाढ दिसते! दगड झालेली! कुठं सापडली?"

हैबती गप.

"नाव काय तुझं?"

हैबती गप.

"मुका आहेस का?"

हैबती गप. डॉक्टरांना त्याची दया आली. जीभ तपासावी म्हणून त्यांनी बैलाचं तोंड उघडायचा चिमटा काढला, तरी हा गप. शेवटी औषध न्यायला आलेला गावचा एक गवळी म्हणाला, "मुका कसला साहेब, हैबती आहे तो." त्या दोन शब्दांत सगळा खुलासा झाला.

डॉक्टरांनी जिल्ह्याच्या संग्रहालयात फोन केला. तिथल्या म्हसकरबाईंचा उलट निरोप आला: शुक्रवारी येऊन पाहते. तोवर दात कुलपात ठेवा, पोराबाळांचा हात लागू देऊ नका. खरा निघाला तर संग्रहालयात मांडू, आणि खाली पाटीवर नाव लिहू, ज्याला सापडला त्याचं.

ते ऐकून शेवंता चुलीपुढं बसून राहिली. तिचं नाव कधी कुठं लागलं नव्हतं. घरातल्या भांड्यांवरसुद्धा सासूचं नाव होतं. तिला इतका आनंद झाला की भाकरी करपली.

गुरुवारी त्यांच्या लेकीचा, ठकीचा, दुधाचा दात पडला. हैबतीनं तो झडप घालून उचलला, शेवंताच्या लग्नातल्या शालूत गुंडाळला आणि ट्रंकेला कुलूप लावलं. ठकीनं भोकाड पसरलं.

"हे काय हो?"

"बाईंचा निरोप हाय. दात कुलपात, पोरांचा हात न्हाई."

"आन् माझी हत्तीची दाढ?"

"ती परसात हाय. बाई दात म्हणाल्या. दाढ कुठं म्हणाल्या?"

"अवं, दाढ म्हंजे दातच की! आन् पोरीचा पडलेला दात कुणी ट्रंकेत ठेवतं? पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकायचा. मग नवा येतो!"

"एवढंच होय? आधी सांगायचं न्हाई का!"

त्यानं ठकीचा दात तिथल्या तिथं कौलावर टाकला. शेवंतालाही वाटलं, चला, एकदाचं याला उमगलं. बिचारी!

शुक्रवारी म्हसकरबाई आल्या. शेवंतानं शालू नेसला होता, दारात शेजारणी जमल्या होत्या. बाईंपुढं पोह्यांची बशी ठेवून ती अदबीनं म्हणाली, "अवं, ती दाढ आणा बरं."

डोक्यावर धाडकन आवाज झाला. कौलं फुटली आणि दोन म्हशींच्या शेणाचा एक भलामोठा गोळा थेट पोह्यांवर येऊन बसला. त्यातून काळे तुकडे डोकावत होते.

"गेलं माझं नाव," म्हणून शेवंता हमसून रडू लागली.

बाईंनी पदर खोचला. शेणातून एक तुकडा काढला, पुसला, दुसऱ्याला लावून पाहिला. मग हळूच हसल्या. "रडू नका, शेवंताबाई. हत्तीचीच दाढ आहे ही. शेणात होती म्हणून तुकडे उधळले नाहीत. जुळवू आम्ही. नाव तुमचंच लागेल."

शेवंता डोळे पुसत होती, तेवढ्यात कौलाच्या भोकातून हैबतीचं डोकं आत आलं.

"बाई, जुना कशाला जुळवता? नवा येईल की, तोच न्या!"

"हो का? कधी येणार तो?" बाईंनी विचारलं.

हैबतीनं क्षणभर विचार केला. "आधी ठकीचा येऊ द्या. तिचा कालच टाकलाय. हत्तीचा नंबर तिच्यामागं."