‘कंपाउंड’ शब्दाचे माहेर

खाडीकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध खलाशी राहत असे. नाव दाऊद तांडेल. तीस वर्षे दूरदूरच्या बंदरांत जहाजांवर काढून ते गावी परतले आणि गावातल्या तरुणांना इंग्रजी शिकवू लागले. विश्राम हा त्यांचा सर्वांत आवडता शिष्य. पुढे तो गावाचा सरपंच झाला, तेव्हा सर्वाधिक आनंद तांडेलांनाच झाला होता.

त्या गावात गोड्या पाण्याची विहीर एकच. ती मधल्या मैदानात होती. खाडीलगतच्या मासेमारांच्या बारा घरांतल्या बायका मैदान ओलांडून तिथे पाणी भरत. मासळीच्या वासाची तक्रार गावातली काही प्रतिष्ठित मंडळी वारंवार करीत असत. अखेर विश्रामने मैदानाभोवती पुरुषभर उंचीचे कंपाउंड बांधले. गुरे आत येऊ नयेत म्हणून, असे कागदावर लिहिले. फाटकाला कुलूप लागले आणि खाडीकडच्या वस्तीला पाणी भरण्यासाठी सकाळचा एकच तास ठरला.

उद्घाटनाला त्याने आपल्या गुरूंनाच प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले. तांडेल आले, त्यांनी भिंत पाहिली, फाटकाबाहेर रिकामे हंडे घेऊन उभ्या असलेल्या, मासेमारांच्या वस्तीतल्या नागूबाई आणि इतर बायका पाहिल्या. मग व्यासपीठावरची आपली खुर्ची त्यांनी स्वतः उचलली, फाटकाबाहेर नेली आणि भर उन्हात त्या बायकांशेजारी मांडून तिच्यावर बसले. विश्राम ओशाळून धावत बाहेर आला. सगळे खोळंबले आहेत, आत चला, अशी त्याने विनवणी केली.

तांडेलांनी संतापून विचारले,

“विश्राम, कंपाउंड म्हणजे काय?”

“भिंत, चाचा. आवार.”

“हे मी तुला शिकवलं, आणि अर्धवट शिकवलं. चूक माझी आहे. जाणकार सांगतात, हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. तो मलायातून आला. तिथे कांपुंग म्हणतात, आणि कांपुंग म्हणजे वस्ती. गाव. ऐन तारुण्यात मी तापाने फणफणलो आणि जहाज मला किनाऱ्यावर टाकून निघून गेलं. अशाच एका कांपुंगातल्या म्हातारीने मला अकरा दिवस पेज पाजली. माझी भाषा तिला येत नव्हती, माझी जात तिने विचारली नाही. तिच्या अंगणाला कुंपणसुद्धा नव्हतं. गोरे व्यापारी हा शब्द तिथून घेऊन गेले, त्यांनी आपल्या वखारींभोवती भिंती घातल्या आणि माणसं वगळून नुसती भिंत शब्दात ठेवली. ते परके होते, त्यांना भीती होती. तुला कसली भीती आहे? नागूबाईच्या हंड्याची? गावाला तू गावातूनच बाहेर काढलंस, आणि वर मला हार घालायला बोलावलंस!”

विश्रामने नागूबाईंकडे पाहिले. लहानपणी तो पाण्यात बुडत असताना याच बाईने त्याला ओढून काढले होते. त्यांनी मान दुसरीकडे वळवली, आणि ते त्याला गुरूच्या शब्दांहून अधिक लागले.

तो आत गेला. उद्घाटन होणार नाही, खाडीकडची भिंत उतरवली जाईल आणि फाटकाला कुलूप राहणार नाही, असे त्याने सभेत सांगितले. दोन सदस्य रागाने उठून गेले. पुढल्या निवडणुकीत पाहून घेऊ, असेही कुणी म्हणाले. विश्राम वाद घालत बसला नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी येण्याआधीच त्याने स्वतः पहार हाती घेतली. पहिला चिरा निखळायला बराच वेळ लागला, कारण बांधकाम पक्के होते आणि ते त्यानेच उभे राहून करवून घेतले होते.

आपणही हा शब्द दिवसातून दहादा उच्चारतो. त्याच्या आत कधीकाळी माणसे राहत होती, एवढे ध्यानात असू द्यावे.